उसना धीर

साताऱ्यातील आमच्या घरापुढे लहानसे अंगण आहे. त्यात २०१० सालापासून एक मोटार उभी आहे. 'उभी आहे' हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. कारण मोटारीने धावावे अशी जगाची साधी अपेक्षा असते. ही १९५७ सालची फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली. महाराष्ट्रातील लोक जिला थट्टेने, पण आपुलकीने, 'डुक्कर फियाट' म्हणत. हिची पुढची दारे आजच्या गाड्यांच्या उलट बाजूने उघडतात आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला असतो. सांगलीत, माझ्या सासुरवाडीच्या बोळात, एका पडक्या गोठ्यात ती मला दिसली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवीत बसली होती. कोंबडी मालकाने ठेवून घेतली. मोटार मी ट्रकवर चढवली, पेठ नाका आणि कराड ओलांडून साताऱ्याला आणली व पत्नीला सांगितले, "दोन वर्षांत रस्त्यावर येईल."

ती म्हणाली, "दोनच ना?"

त्यानंतर घरी आलेला प्रत्येक पाहुणा मोटारीला वळसा घालून आत येतो, चहाचा पेला हातात घेतो आणि एकच वाक्य बोलतो : तुमच्या मंडळींच्या सहनशीलतेला खरोखर नमस्कार केला पाहिजे! सारे हसतात. मीही हसत असे. तिच्या वतीने ही स्तुती मी इतकी वर्षे बिनदिक्कत स्वीकारली. आपण ज्या धीरावर जगतो तो आपला नसून दुसऱ्याचा आहे आणि तो आपण कधी मागूनही घेतलेला नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. दुसऱ्याच्या धीरावर आपला हक्क कितपत असतो? हा प्रश्न मोटारीपुरता नाही. पण मला तो मोटारीने शिकवला, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जुनी मोटार पुन्हा उभी करणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला समजणे कठीण. गंज हा शत्रू वरून जेवढा दिसतो त्याच्या चौपट आत असतो. तळाच्या पत्र्यावर रुपयाएवढे भोक दिसते. तारेच्या ब्रशने घासू लागले की ते ताटाएवढे होते. ताटाएवढा पत्रा कापून नवा जोडावा, तर ज्या कडेला जोडायचा ती कडच हातात येते. इंजिन उघडावे तर पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. चार दिवस रॉकेल आणि तेल ओतून ठेवायचे, रोज लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच ठोकायचे, घाई करायची नाही. एखादे बुश मिळत नाही म्हणून पुण्याचा जुना बाजार पालथा घालायचा, तिथे नाही तर मुंबईचा चोर बाजार. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखादा लेथवाला जुना तुकडा हातात फिरवून पाहतो आणि म्हणतो, करून देतो, पण पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. तो तुकडा अखेर जागेवर बसतो तेव्हा जो आनंद होतो त्याला मला नाव देता येत नाही. मात्र तो खोटा नसतो एवढे निश्चित. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा उपयोगी करण्यात, आपल्याआधीच्या कुणा कारागिराचे मन तिच्यातून वाचण्यात एक निर्मळपणा असतो. छंद म्हणजे निव्वळ चैन, असे म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालीन.

पण मी त्याहून मोठा दावा करीत असे. या कामाने मला धीर शिकवला, असे मी चारचौघांत सांगे.

धीर या गुणावर ख्रिस्ती परंपरेत फार जुन्या काळापासून लिहिले गेले आहे. उत्तर आफ्रिकेतील टर्टुलियनने इसवी सन २०० च्या सुमारास त्यावर छोटा ग्रंथ लिहिला. हा गुण आपल्या अंगी मुळीच नाही, आजारी माणसाने आरोग्याविषयी बोलावे तसे आपण बोलत आहोत, अशी कबुली त्याने आरंभीच दिली आहे. (त्याचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या युक्तिवादांहून अधिक आवडतो.) दोनशे वर्षांनी संत ऑगस्टिननेही याच विषयावर लिहिले आणि माझ्यासारख्यांची पंचाईत करून ठेवली. रोमविरुद्ध कट करणारा कॅटिलाइन तहान, भूक आणि थंडी सोसू शकत असे. मग तो धीराचा पुतळा म्हणायचा का? ऑगस्टिनचे उत्तर असे की, कोण किती सोसतो हे पाहून भागत नाही, तो कशापायी सोसतो हे पाहावे लागते. हवेपणासाठी माणूस वाटेल ते सोसतो. तो धीर नव्हे. ते हवेपणाचेच बळ.

हे वाचले तेव्हा माझ्या हातांना ग्रीस लागलेले होते. पिस्टनपाशी मी चार दिवस थांबलो, कारण मला पिस्टन हवा होता. उद्यमनगरात चार फेऱ्या घातल्या, कारण मला त्या फेऱ्या आवडत. मी कॅटिलाइन नाही एवढेच माझे समाधान. परंतु ज्याला मी सद्गुण समजत होतो ती माझी आवड होती आणि आवडीला धीर धरावा लागत नाही. त्या अंगणात खरोखर कुणी थांबून राहिले असेल, तर ती घरातली दुसरी व्यक्ती.

संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रीतीची लक्षणे सांगू लागतो, तेव्हा सर्वांत आधी धीराचे नाव घेतो. तिथे तो जो ग्रीक शब्द योजतो त्याचे मूळ 'मॅक्रोथुमिया'. राग यायला लांबचा पल्ला लागणे, असा त्याचा भाव आहे. थोडे पुढे, त्याच यादीच्या शेवटी, टिकून राहण्यासाठी तो दुसराच शब्द वापरतो; त्याचे मूळ 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली उभे राहणे. भाष्यकार सांगतात की, पहिला धीर माणसांच्या बाबतीत धरायचा आणि दुसरा परिस्थितीच्या. आमच्या घरात पत्नीने यांपैकी कोणता धरला होता? मी तिच्या लेखी माणूस होतो की परिस्थिती झालो होतो? पाऊस, महागाई, पाणीटंचाई, आणि हे. याचे उत्तर शोधताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो.

त्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर अतोनात पाऊस झाला. महाबळेश्वरची कृष्णा आणि कोयना कराडला मिळतात आणि पुढे सांगलीला जातात. साताऱ्याचा पाऊस सांगलीच्या उंबऱ्यावर जाऊन पोहोचतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, २००५ च्या महापुराची खूणही बुडाली. सासूबाई शेजाऱ्यांसोबत वेळीच बाहेर पडल्या होत्या. घरात मात्र माणसाच्या उंचीएवढे पाणी आठवडाभर राहिले. ते ओसरल्यावर चिखल काढायला जायचे ठरले. त्याच आठवड्यात माझे इंजिन बोअरिंगहून परत यायचे होते. कितीतरी महिन्यांनी कारागिराने तारीख दिली होती. मी पत्नीला एस.टी. स्टँडवर सोडले, हातात खराटे, फिनेलचे डबे, जुनी लुगडी. "तू हो पुढे, मी दोन दिवसांत येतोच," असे म्हणालो.

मी गेलो नाही. इंजिन दोन दिवस उशिरा आले, मग त्यात एक खोट निघाली, मग ती खोट दाखवायला पुन्हा जावे लागले. ती नवव्या दिवशी परतली. नखांत चिखल होता. सासूबाईंच्या पेटीत ठेवलेला आमच्या लग्नाचा अल्बम लगद्यासारखा झाला होता, तो तिने तिथेच टाकून दिला होता. तिने पाणी प्यायले आणि विचारले, "इंजिन झालं का?" स्वरात उपहास नव्हता. मी मनात म्हणालो, काय हिचा धीर! आणि खुशाल झोपलो.

आपल्या भाषेत 'सोशिक' असा एक शब्द आहे. तो आपण बहुधा बायकांसाठी राखून ठेवला आहे. सोशिक सून, सोशिक आई. सोशिक नवरा म्हटले की लोक हसतात. हा शब्द उच्चारला की ज्याने सोसायला लावले त्याचे नाव आपोआप वाक्यातून गळून पडते. स्तुती फुकट असते आणि ती केली की देणे फिटल्यासारखे वाटते. पाहुण्यांबरोबर मी हसत होतो ते याच सोयीने.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण अशा वेळी नेहमी पुढे केले जाते आणि मीही ते केले होते. मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचे वेड लागले. विमा, दागिने, सारे त्यात गेले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. सरस्वतीबाईंनी सोसले म्हणून तो झाला, असे आपण म्हणतो. पण सरस्वतीबाई नुसत्या सोसत बसल्या नव्हत्या. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या पट्टीला भोके पाडायला त्या शिकल्या, रसायने मिसळायला शिकल्या आणि शिवाय कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाकही केला. कष्ट भयंकर होते, न्यायाचे होते असे मी म्हणत नाही. परंतु ते वेड दोघांचे झाले होते. त्यांच्या धीराला 'हवेपणा'तला वाटा मिळाला होता. मी माझ्या पत्नीला आजवर एक पानाही धरायला दिला नव्हता. "तुझे हात खराब होतील," म्हणालो होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची बातमी आली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्यांच्या जन्माच्या वेळी ते सातारा जिल्ह्यात होते. लोहारांनी आपल्या मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सामानातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली होती. आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात दिलीही. मी उत्साहाने ती बातमी पत्नीला वाचून दाखवली.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, त्यांनी पोरासाठी केली. तुम्ही कुणासाठी करताय?"

"अगं, तुझ्यासाठीच की. पुरी झाली की तुला सांगलीला घेऊन जाईन."

"सांगलीला मला एस.टी. जाते."

मग थोड्या वेळाने, ताटातल्या तांदळावरून बोट फिरवीत, ती म्हणाली, "लोक म्हणतात मी धीराची. मी कसला धीर धरलाय? बोलून उपयोग नव्हता म्हणून बोलले नाही. पुरानंतर तर मी वाट बघायचीच सोडली."

मी धीर समजत होतो ती वाट पाहणे सोडून दिलेली शांतता होती. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. धीर धरणारा अजून काहीतरी मागत असतो. सोडून देणारा मागत नाही आणि त्याचे न मागणे आपल्याला फार सोयीचे वाटते. ती चिडली असती, भांडली असती, तर मी तिला उतावळी म्हणालो असतो. पण ते भांडणच कदाचित तिचे माझ्यावरचे शेवटचे उसने असते.

तिला काय हवे, हे मी अकरा वर्षांनी विचारले. उत्तर छोटे होते. मोटार येण्यापूर्वी डिसेंबरात अंगणात नाताळचा गोठा उभा राहत असे. बांबू, गवत, शेजारची मुले चिखलाचे डोंगर करीत. मोटार आल्यापासून तो खिडकीच्या फळीवर गेला होता. अंगण डिसेंबरभर मोकळे हवे, रविवार मोकळा हवा आणि खर्चाची वही तिला दिसली पाहिजे. एवढेच. मी मान्य केले आणि पहिल्याच वर्षी रविवारचा नियम दोनदा मोडला. वहीत मात्र खोटे लिहिले नाही, असे म्हणता येईल. एका कार्बोरेटरची किंमत उशिरा लिहिली.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, 'व्ही.ए.' अक्षरांची. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते; रोजच्या वापराला नाही. हे तिला सांगितले, तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी मनापासून हसली. "म्हणजे एवढं करून भाजी आणायलासुद्धा न्यायची नाही?"

मोटार अजून पुरी झालेली नाही. इंजिन चालते, ब्रेक लागतात, रंग व्हायचा आहे. दर वर्षी १ डिसेंबरला ती रस्त्याच्या कडेला न्यायची असते. पत्नी आत बसून स्टिअरिंग धरते आणि मी मागून ढकलतो. इंजिन सुरू करायचे नाही, शेजारी झोपलेले असतात. गेल्या खेपेस फाटकापाशी गाडी एकदम थांबली. मी जोर लावला, हलेना. तिने उलट्या बाजूने उघडणारे दार ढकलले आणि मागे वळून म्हणाली, "थांबा जरा. मी ब्रेक दाबलाय. आधी फाटक पूर्ण उघडा."