झाकण्याचा अधिकार

सोशल मीडियावर हिंसेचा फोटो आला की तो आधी धूसर दिसतो. ‘पाहायचा आहे का?’ असा प्रश्न येतो, बोट लावलं की धूसरपणा जातो. माझ्या व्यवसायात अशा ठिकाणी धूसर करणं म्हणजे एवढंच. मूळ फोटो सर्व्हरवर शाबूत असतो, वर फक्त पडदा असतो. त्यामुळे गेरहार्ड रिख्टर या जर्मन चित्रकाराबद्दल मला पहिला पडणारा प्रश्न तांत्रिक आहे : खालचं चित्र परत मिळवता येतं का? येत नाही. आणि तिथून प्रश्न नैतिक होतो.

रिख्टर १९३२ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मला. १९६१मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या काही महिने आधी, तो पूर्व जर्मनीतून पश्चिमेला पळाला. तिथे त्यानं फोटोंवरून चित्रं काढायला सुरुवात केली. फोटो जसाच्या तसा रंगवायचा आणि ओला रंग कोरड्या ब्रशनं पुसत न्यायचा, ही त्याची पद्धत. १९६५मध्ये त्यानं आपल्याच घरातली दोन माणसं अशी रंगवली. एक रुडीमामा, जर्मन सैन्याच्या गणवेशात हसणारा, पुढे युद्धात मारला गेलेला. दुसरी मारिआनमावशी, तान्ह्या रिख्टरसोबत. तिला मनोरुग्ण ठरवून नाझी राजवटीनं तिची सक्तीनं नसबंदी केली आणि १९४५मध्ये तिला मारलं.

मामा आणि मावशी, दोघंही सारखेच धूसर. यावर आक्षेप सहज सुचतो : ज्या राजवटीचा गणवेश एकाच्या अंगावर आहे, तिनंच दुसरीला मारलं. मग ब्रश दोघांवरून सारखाच कसा फिरतो?

मला वाटतं, ब्रश निवाडा करतच नाही. कुटुंबाचा अल्बम कसा असतो तेवढंच तो दाखवतो. अल्बममध्ये सगळे हसतात. याचा पुरावा रिख्टरच्याच आयुष्यात आहे. १९६४मध्ये त्यानं सासऱ्यांच्या कुटुंबाचा समुद्रकाठचा फोटो रंगवला होता. सासरे, डॉ. हाइनरिश ऑइफिंगर, हे एसएसचे सदस्य होते आणि ड्रेस्डेनमधल्या सक्तीच्या नसबंदीत त्यांचा सहभाग होता. मावशी आणि सासरे एकाच यंत्रणेच्या दोन टोकांना होते, हे यूर्गेन श्रायबर या पत्रकारानं २००५च्या पुस्तकात मांडलं. चित्र कितीही स्पष्ट असतं तरी हे त्यात दिसलं नसतं. ते कागदपत्रांतूनच कळणार होतं. म्हणजे दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. धूसर चित्र निदान ‘मी सगळं सांगतोय’ असा आव तरी आणत नाही.

पण २०१४च्या ‘बिर्केनाऊ’ या चार चित्रांपाशी हा युक्तिवाद अपुरा पडतो. १९४४च्या उन्हाळ्यात ऑश्विट्झ-बिर्केनाऊमधल्या, प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी चोरून चार फोटो काढले. फिल्म छावणीबाहेर पोचवण्यात आली. पकडले गेले असते तर मरण नक्की होतं. रिख्टरनं ते फोटो कॅनव्हासवर उतरवले आणि मग त्यांवर रंगाचे थर ओढत गेला, इतके की खालचं काही उरलं नाही.

इथे अल्बमचा बचाव चालत नाही. हे फोटो सहज काढलेले नव्हते. जगानं पाहावं म्हणून माणसांनी जीव धोक्यात घालून काढले होते. पुरावा म्हणून पाठवलेली गोष्ट झाकायचा अधिकार चित्रकाराला कुणी दिला? आणि नुसत्या चित्राकडे पाहून खाली बिर्केनाऊ आहे की कुरण, हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळा भार शीर्षकावर.

दुसरी बाजूही खरी आहे. त्या फोटोंचं सुंदर तैलचित्र झालं असतं, तर लोक रंगकामाचं कौतुक करून पुढे गेले असते. काही गोष्टी नीट रंगवणं हाच त्यांचा अपमान असतो. रिख्टरनं प्रयत्न केला आणि जमत नाही हे झाकून टाकण्यातूनच कबूल केलं.

माझ्यासाठी निर्णायक गोष्ट कॅनव्हासच्या बाहेर आहे. ही चित्रं प्रदर्शनात मांडताना त्या चार फोटोंच्या लहान प्रतीही सोबत लावल्या गेल्या आहेत. झाकलेलं आणि उघडं, एकाच खोलीत. त्या प्रती काढून टाकल्या तर उरतील ती केवळ चार देखणी अमूर्त चित्रं, आणि मग तो विश्वासघात ठरेल. झाकण्याचा अधिकार असलाच, तर तो एका अटीवर आहे : मूळ पुरावा शेजारी उघडा असला पाहिजे, आणि तिथपर्यंत चालत जायची जबाबदारी पाहणाऱ्याची.