पौंड, क्विंटल आणि तीन टन

वजनाचे एका मापातून दुसऱ्या मापात रूपांतर करताना आकडा बदलतो, माल बदलत नाही. ही अट पाळली गेली तरच रूपांतर खरे. ब्रिटिश पद्धतीच्या मापांतून क्विंटल आणि टन या मोठ्या मेट्रिक मापांकडे जाताना गुणाकार कोणालाही जमतो. चूक होते ती बहुधा गुणाकाराच्या आधी, म्हणजे माप नेमके कोणते, गुणक किती अचूक आणि मोजली ती वस्तू कोणती, हे न तपासल्यामुळे.

या सगळ्या रूपांतरांचा पाया एकच आहे. पूर्वी ब्रिटनचा आणि अमेरिकेचा पौंड अगदी सूक्ष्म का होईना, वेगळा होता. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे ठरवले. हा आकडा मोजून काढलेला नाही, तो व्याख्येनेच निश्चित केलेला आहे. म्हणजे पौंड आता स्वतंत्र माप उरलेला नाही, किलोग्रॅमवरूनच त्याची किंमत ठरते. त्यावरून एका क्विंटलमध्ये २२०.४६ पौंड आणि १,००० किलोच्या मेट्रिक टनात २,२०४.६२ पौंड येतात.

पौंडाबाबत एकमत झाले, टनाबाबत मात्र नाही. ब्रिटिश पद्धतीत १४ पौंडांचा एक स्टोन, आठ स्टोनांचे म्हणजे ११२ पौंडांचे एक हंड्रेडवेट आणि २० हंड्रेडवेटांचा एक टन. हा २,२४० पौंडांचा लाँग टन १,०१६.०५ किलोंचा भरतो. अमेरिकेत हंड्रेडवेट सरळ १०० पौंडांचे धरले जाते, त्यामुळे तिथला शॉर्ट टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७.१८ किलोंचा होतो. लाँग टन आणि मेट्रिक टन यांत जेमतेम १.६ टक्क्यांचे अंतर आहे आणि म्हणूनच ते सहज नजरेआड होते. पण ५०,००० टन माल भरलेल्या जहाजाच्या कागदावर लाँग टनाऐवजी मेट्रिक टन धरला, तर हिशेबातून ८०२ मेट्रिक टन गायब होतात. शॉर्ट टनाला मेट्रिक टन समजले, तर ४,६४१ टन नसलेला माल कागदावर उभा राहतो.

मोठ्या वजनात गुणकाचे दशांशही महत्त्वाचे ठरतात. बाजारात तोंडी हिशेब करताना टनाला २,२०० पौंड धरणे सोयीचे असते. दहा किलोंच्या पिशवीसाठी हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही, पण १०,००० टनांच्या व्यवहारात तो सुमारे २१ टनांवर जातो. उलट, ‘अंदाजे ५० पौंड’ असलेल्या पोत्याचे वजन २२.६७९६ किलो लिहिणे हेही खोटेच, कारण मुळात नसलेली अचूकता त्या आकड्यात घुसडली जाते. मूळ मोजणी जितकी काटेकोर, तितकेच दशांश ठेवावेत, आणि आकडा पूर्णांकात आणायचा तो हिशेबाच्या शेवटी, मधल्या पायऱ्यांवर नव्हे.

महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजाराला या रूपांतराशी रोजचे काम पडते. शिकागोच्या वायदे बाजारात सोयाबीनचा भाव बुशेलमागे सेंटमध्ये बोलला जातो, लातूरच्या बाजार समितीत तो क्विंटलमागे रुपयांत निघतो. बुशेल हे मूळचे आकारमानाचे माप, पण व्यापारात प्रत्येक धान्याच्या बुशेलचे वजन ठरवून दिलेले आहे. सोयाबीन आणि गहू यांचा बुशेल ६० पौंडांचा, तर मक्याचा ५६ पौंडांचा. म्हणजे सोयाबीनचा बुशेल २७.२२ किलोंचा आणि एका क्विंटलमध्ये असे ३.६७ बुशेल. शिकागोत भाव १,००० सेंट असेल, तर तो क्विंटलमागे ३६.७४ डॉलर होतो. त्याला त्या दिवशीच्या विनिमय दराने गुणले की रुपयांतला आकडा मिळतो. हाच गुणक मक्याला लावला, तर उत्तर सुमारे ७ टक्क्यांनी चुकते.

कापसात आणखी एक पायरी आहे. रुईचा व्यापार आजही खंडीत चालतो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे बरोबर सात ब्रिटिश हंड्रेडवेटांची आहे. मेट्रिक पद्धत आली तरी ती मोडली नाही, ३५५.६२ किलोंची होऊन टिकून राहिली. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई पौंडामागे ८० सेंट असेल, तर खंडीमागे ६२७.२० डॉलर होतात. पण शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस, आणि त्यातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. खंडीचा भाव क्विंटलमध्ये बदलून तो थेट कापसाच्या भावाशी ताडून पाहणारा वजनाचा गुणाकार बरोबर करूनही चुकतो, कारण दोन्हीकडे वस्तूच वेगळी आहे.

या चुकीची किंमत पैशांपुरतीच राहत नाही. कॅनडा मेट्रिक पद्धतीकडे वळत असताना, २३ जुलै १९८३ रोजी, एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरवरून वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो लिटरमागे पौंडांचा होता, किलोंसाठी ०.८०३ हवा होता. त्यामुळे टाक्यांत २२,३०० पौंड, म्हणजे सुमारे १०,१०० किलोच इंधन होते. उड्डाणादरम्यान दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान हवेवर तरंगत नेऊन गिमली येथील हवाईदलाच्या जुन्या तळावर उतरवले आणि विमानातील ६९ जण वाचले. गुणाकारात कुठेही चूक नव्हती. १.७७ या आकड्यापुढे त्याचे एकक लिहिलेले असते, तर तो कशाचा आहे हे कागदावरच दिसले असते.

म्हणून रूपांतराची शिस्त अशी: प्रत्येक आकड्यापुढे एकक पूर्ण नावानिशी लिहावे, ‘टन’ एवढ्यावर न थांबता तो लाँग, शॉर्ट की मेट्रिक हे सांगावे, किलोग्रॅम ही मधली पायरी करावी आणि आलेले उत्तर उलट्या दिशेने ताडून पाहावे. दोन पद्धतींनी मोजणाऱ्या दोन माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता येतो तो या शिस्तीमुळे.