तारखेचा रकाना

लालबागला नात्यातल्या एका गिरणी कामगार काकांचा घराचा अर्ज भरत होतो. ‘नोकरी सोडल्याची तारीख’ असा रकाना आला. काका म्हणाले, “मी कुठे सोडली? सुटली.”

माझं पेन थांबलं. आज जो कामावर नाही, त्याने कधीतरी काम सोडलंच असणार, हा त्या रकान्यामागचा तर्क. त्यात खोट काढता येत नाही. पण मराठीत सोडणं माणसाच्या हातात असतं, सुटणं नसतं. शिवाय मुंबईच्या गिरणगावात गिरणी रोजच सुटायची. भोंगा झाला की सुटायची, पुन्हा भरण्यासाठी.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग तो मिटला की चालू आहे? मिटला म्हणावं, तर कुणी मिटवला, कधी? चालू म्हणावं, तर लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. दोन्हींपैकी एक खरं असलंच पाहिजे, असा तर्कशास्त्राचा आग्रह. ‘संप’ या शब्दाच्या कडा तेवढ्या रेखीव आहेत का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं.

‘प्रतिनिधी’ या शब्दाने तर फार मोठी किंमत घेतली. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क मान्यताप्राप्त अशा एकाच संघटनेला. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार गेले संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. बोलणी प्रतिनिधीशीच करायची. सामंत प्रतिनिधी नाहीत. तेव्हा त्यांच्याशी बोलणी नाहीत. पायरीला पायरी जुळते. परळच्या नाक्यावर ‘आपला माणूस’ कुणाला म्हणत होते, एवढंच त्यात कुठे येत नाही.

असा बिनचूक तर्क मला जास्त भीतिदायक वाटतो. शब्दाचा अर्थ ज्याने आधी ठरवून ठेवला, त्याच्याच दारात तो नेऊन सोडतो. वाटेत कुठे ठेच लागत नाही, म्हणून आपणही मुकाट चालत राहतो.

काका हजेरीचं जुनं कार्ड उलटसुलट करत होते. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं, तरी घडीवर फाटलेलं. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येईल, असं मी त्यांना सांगितलं.

“मग सोळा जानेवारी लिही,” ते म्हणाले. “सतराला रविवार होता. सोळाची पहिली पाळी मी पुरी केलीय.”