पडद्यावरच्या जंगलात कोणी काम करत नाही

२००९ साली गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावे म्हणजे मेंढा आणि याच जिल्ह्यातले मर्दा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेम्स कॅमेरॉनचा ‘अवतार’ जगभर झळकला. खनिजासाठी जंगल उद्ध्वस्त करायला आलेली कंपनी आणि ते वाचवायला उभे राहिलेले मूळ रहिवासी, अशी त्याची गोष्ट. हा चित्रपट जगात सर्वाधिक गल्ला जमवणारा ठरला. मेंढ्याचे नाव मात्र आपल्याच राज्यातल्या कितीतरी सुशिक्षितांना आजही ठाऊक नाही.

मी या भागातला प्रेक्षक आहे आणि हॉलिवूडचा सिनेमा आवडीने पाहत आलो आहे. जंगलावरचे त्याचे गाजलेले चित्रपट हिंदीत डब होऊन आले तसे पाहिले आणि दर वेळी निराश होऊन उठलो. तंत्राबद्दल माझी तक्रार नाही, लांबीबद्दलही नाही. माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटांतल्या जंगलात कोणी काम करत नाही आणि कोणी एकत्र बसून निर्णय घेत नाही. वनप्रदेशातले जगणे ज्या दोन गोष्टींवर उभे आहे, त्याच त्यांनी वगळल्या आहेत. असे असूनही जंगलाची आणि जंगलातल्या माणसांची बाजू घेणारे चित्रपट म्हणून त्यांचा गौरव होतो. हा गौरव मला अवाजवी वाटतो.

‘अवतार’ची थोरवी आधी मान्य करायला हवी. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि दृश्यपरिणाम यांची तीन ऑस्कर त्याला मिळाली, ती योग्यच होती. कॅमेरॉनच्या कळकळीविषयीही शंका नाही; ब्राझीलमधल्या बेलो मोंते धरणाला विरोध करणाऱ्या आदिवासींना तो २०१० मध्ये स्वतः जाऊन भेटला होता. पण त्याने उभ्या केलेल्या पँडोरावर शिकारीचा एक विधिवत प्रसंग सोडला तर रोजच्या कष्टांना जवळपास जागाच नाही. नावी लोक झाडांवरून धावतात, पक्ष्यांवर स्वार होतात, प्रार्थना करतात आणि लढतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे आहे, यंदा फळे कमी आली, शेजारच्या पाड्याशी हद्दीचा वाद आहे, असे काही त्यांच्या वाट्याला येत नाही. संकट येते तेव्हा बाहेरून आलेला सैनिक त्यांचा पुढारी होतो आणि अखेर वनदेवीच प्राण्यांना युद्धात धाडून निकाल लावते. २०२२ च्या दुसऱ्या भागात जंगलाची जागा समुद्राने घेतली, साचा तोच राहिला. २०२५ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या भागात वनदेवीकडे पाठ फिरवलेली एक जमात आली, पण तीही शत्रू म्हणून. मतभेद असलेला माणूस आपलाच असू शकतो, ही शक्यता या मालिकेला सुचत नाही.

आता आमच्याकडचे जंगल पाहा. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत माणसे टोपल्या घेऊन मोहाखाली पोचतात आणि एकेक फूल वेचतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे पाने तोडायची, घरी आणून साऱ्या कुटुंबाने बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि दिवस मावळायच्या आत फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पोचवायची. या काही दिवसांच्या कमाईवर पेरणीचा खर्च भागतो. पुढे पावसाळ्यात धानाची रोवणी, मग बांबूची कटाई, हिरडा, बेहडा, डिंक, मध. जंगलाविषयीची माया या कामातूनच येते. कोणते झाड कधी फुलते, कोणती फांदी तोडली तर पुढच्या वर्षी फुटवा येतो, हे ज्ञान हातांना असते.

या कामाची किंमतही मोठी आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबाभोवती आणि ब्रह्मपुरी वनविभागात अशी बातमी नवी राहिलेली नाही. वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसाला वाघापासून अधिक धोका असतो, असे वन्यजीवांचे जाणकार सांगतात. मोह वेचणारी, पाने तोडणारी, धान कापणारी बाई वाकलेलीच असते. पडद्यावरचा वननायक ताठ उभा असतो किंवा आकाशात उडत असतो. वाकून काम करणारे माणूस त्या पडद्याने नायक म्हणून कधी पाहिलेच नाही.

डिस्नीचा २०१६ चा ‘द जंगल बुक’ याच कारणासाठी मला खुपला. किपलिंगचे शिवनीचे जंगल विदर्भाच्या सीमेला लागून आहे. चित्रपट मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत घडला आणि त्यातले जवळजवळ सारे जंगल संगणकावर रचलेले आहे. स्टुडिओत चित्रपट करण्यात गैर काही नाही. गैर हे की त्यातले माणसांचे गाव म्हणजे रात्री दूर दिसणारी आग. त्या गावाला चेहरा नाही, आवाज नाही. शेरखान सूड मनात धरणारा खलनायक आहे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा माणूस वाघाला घाबरतो, वाघाने मारलेल्यांसाठी रडतो, वनखात्यावर चिडतो, आणि त्याच परिसरात वाघोबाची पूजाही होते. एका प्राण्याशी असलेले एवढे गुंतागुंतीचे नाते दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाला पेलले नाही. त्याच दिग्दर्शकाच्या २०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये तर केसन्‌केस खरा वाटणारे प्राणी आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. खरे दिसणे आणि खरे असणे यांतला फरक दोन्ही चित्रपटांनी पुसून टाकला आणि त्यालाच प्रगती म्हटले गेले.

मेंढ्याची गोष्ट काय आहे? ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते. मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सर्वोदयी कार्यकर्ते. बाहेरून आलेल्या माणसाने इथे नेतृत्व हाती घेतले नाही. त्याने अभ्यासगटाची रीत रुजवायला हातभार लावला आणि निर्णय गावाकडेच राहू दिला. तोही बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचेही समाधान झाले नसेल तर बैठक पुन्हा बसणार. २००९ मध्ये हक्काचा कागद हाती आला, पण आपल्या जंगलातला बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. बांबू हे गौण वनोपज आहे, असे वनहक्क कायदाच सांगत होता. तरी गावाला झगडावे लागले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या लढ्याचा कळस म्हणजे परवान्यांचे एक पुस्तक. त्यामागे किती बैठका, किती अर्ज, किती संयम आहे हे ज्याला दाखवता येईल, तो मोठा दिग्दर्शक.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची गोष्ट याहून अवघड आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे उत्पन्नच सोडून दिले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि जंगलाचे नुकसान होते. हातात येणारा पैसा नाकारायचा की नाही, यावर गरीब गाव बसून विचार करते आणि नाकारायचे ठरवते. यापेक्षा मोठे नाट्य कोणत्या युद्धात असते?

कंपनी आणि गाव यांच्यातली रेषाही पडद्यावर दिसते तितकी सरळ नसते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच पहाडातून आज लोहखनिज निघते. खाणींविरुद्ध २०२३ मध्ये तोडगट्टा येथे सत्तरेक गावांची माणसे महिनोन्‌महिने धरणे धरून बसली. याच जिल्ह्यातल्या तरुणांना खाणीतली नोकरीही हवी आहे, कारण दुसरी दिसत नाही. त्यांच्या मागे माओवाद्यांच्या बंदुकीची आणि पोलिसांच्या बंदुकीची अनेक दशकांची दहशत आहे. धरण्यावर बसलेला बाप आणि खाणीच्या ट्रकवर काम शोधणारा मुलगा यांच्यातला अबोला हा खरा विषय आहे. पँडोरावर असे घर नाही.

हा दोष केवळ कल्पित जग उभे करणाऱ्या चित्रपटांचा आहे असे वाटत असेल, तर मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०२३) पाहावा. ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांच्या जमिनीत तेल सापडले आणि १९२० च्या दशकात त्या संपत्तीसाठी त्यांचे खून झाले, असा हा सत्य इतिहास. तो थोर दिग्दर्शकाने, ओसेज लोकांना बरोबर घेऊन, मनापासून केला आहे. लिली ग्लॅडस्टोनचा अभिनय विसरता येत नाही. तरीही साडेतीन तासांच्या या चित्रपटातला बहुतांश वेळ मारेकऱ्यांच्या संगतीत जातो आणि तिने साकारलेली मॉली दीर्घकाळ आजारी अंथरुणावर असते. चित्रपटाला दहा नामांकने मिळाली, जगभर स्तुती झाली. माझे मन मात्र विचारत राहिले की ओसेज माणसे त्या काळात आपसांत काय बोलत होती?

साचा आपल्याकडेही उतरला आहे. ‘आरआरआर’ला जगाने डोक्यावर घेतले, त्याच्या गाण्याला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यातला भीम ज्या कुमराम भीमवरून घेतला, तो चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादचा गोंड नेता. जल, जंगल, जमीन यांवरच्या हक्कासाठी निजामाच्या सत्तेशी तो लढला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. चित्रपटात मात्र तोच अखेरीस आपल्या मित्राकडे विद्या मागतो. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचे काम १९७३ पासून चालू आहे आणि त्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरच्या २०१४ च्या मराठी चित्रपटातही माडिया माणूस मुख्यतः रुग्ण म्हणून दिसतो. त्याचे शहाणपण कुठे गेले, हे आपणही विचारायला हवे.

यावर असे म्हटले जाईल की सिनेमा म्हणजे करमणूक. ग्रामसभेच्या बैठका पाहायला तिकीट कोण काढणार? याचे उत्तर हॉलिवूडनेच १९५७ मध्ये देऊन ठेवले आहे. सिडनी ल्युमेटच्या ‘ट्वेल्व अँग्री मेन’मध्ये एका खोलीत बारा माणसे एकमत होईपर्यंत बोलत बसतात आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहतो. आमच्या प्रेक्षकाच्या धीराविषयीही शंका नको. झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईंपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, तिकीट काढून माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसतात आणि घरातली भांडणे, जमिनीचे वाद, व्यसने, लग्ने यांच्या गोष्टी पाहतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या जाणत्या प्रेक्षकाला साधी गोष्ट पचणार नाही, हे कोणी ठरवले? अमित मसूरकर यांचे ‘न्यूटन’ (२०१७) आणि ‘शेरनी’ (२०२१) हे चित्रपटही थोडक्या साधनांत दंडकारण्यातल्या मतदान केंद्रावरचे वाट पाहणे आणि वाघिणीमागचे राजकारण दाखवतात. त्यांचे नायकही नोकरीने जंगलात आलेले आहेत, पण स्थानिक माणूस तिथे बोलतो, विरोध करतो, चुका काढतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘अवतार’मुळे खऱ्या लढ्यांकडे लक्ष गेले. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांच्या वतीने २०१० मध्ये कॅमेरॉनला जाहिरातीतून जाहीर आवाहन केले गेले, हे खरे आहे. पण नियमगिरी वाचला तो एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि त्यानंतर बारा ग्रामसभांनी एकेक करून दिलेल्या नकाराने. निर्णय माणसांनी बसून केला, तोही नोंदवहीत लिहून.

चुकीच्या चित्राने नुकसान होते म्हणून मी हे आग्रहाने लिहितो आहे. पडद्यावरचे भोळे वनवासी पाहून हळहळणारा शहरी माणूस ग्रामसभेने बांबू तोडून विकला की अस्वस्थ होतो. त्याला जंगल हवे असते ते माणसाच्या हाताचा स्पर्श न झालेले, आणि आदिवासी हवा असतो तो एकतर निरागस किंवा शस्त्र उगारलेला. हिशेब ठेवणारा, निविदा काढणारा, अधिकाऱ्याला कायद्याचे कलम दाखवणारा आदिवासी त्याच्या कल्पनेत बसत नाही. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्या गावांना दया नको आहे, बरोबरीचा नागरिक म्हणून ओळख हवी आहे.

म्हणून यापुढे जंगलावरचा कोणताही गाजलेला चित्रपट पाहताना मी दोन प्रश्न विचारणार आहे आणि वाचकांनीही ते विचारावेत. या जंगलात कोण काम करताना दिसते? आणि इथला निर्णय कोणी, कोणाशी बोलून घेतला? या दोन्हींना उत्तर नसेल, तर त्या चित्रपटाचा खर्च कितीही असो आणि पुरस्कार कितीही असोत, त्याने जंगल पाहिलेले नाही असे स्पष्ट म्हणायची तयारी आपण ठेवली पाहिजे. आणि ज्यांना ही उत्तरे जन्मापासून ठाऊक आहेत, त्या मेंढा, पाचगाव, एटापल्ली, सिंदेवाहीच्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा आणि पैसा पोचवणे ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक धोरणाची जबाबदारी मानली पाहिजे.