विद्येचे मोल कोणी द्यावे?

वेतन ठरवून वेद शिकवणाऱ्याला मनुस्मृती ‘भृतकाध्यापक’ म्हणते आणि श्राद्धाच्या पंक्तीत बसू देत नाही. त्याला पैसे मोजून शिकलेला शिष्यही तितकाच अपात्र. मात्र समावर्तनाच्या, म्हणजे शिक्षण पुरे करून घरी परतण्याच्या वेळी गुरूला यथाशक्ती दक्षिणा द्यावी, असे तीच स्मृती सांगते. निषेध पैशाचा नव्हता, आधी घातलेल्या अटीचा होता. अर्थात हे औदार्य उपनयनाचा अधिकार असलेल्यांपुरतेच. शूद्रांना ते दार मुळातच बंद होते, हे विसरून या नियमाचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

जातककथांतील तक्षशिला अधिक व्यवहारी आहे. तिथे शिष्य एकतर हजार नाण्यांचा आचार्यभाग आधी देतो, नाहीतर दिवसा गुरूघरी राबून रात्री शिकतो.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, पाचव्या सर्गात, प्रश्नाचा गाभा सापडतो. गुरू वरतंतूंना शिष्य कौत्साची सेवाच पुरेशी वाटत होती. पण त्याने दक्षिणेचा हट्ट धरल्यावर ते संतापले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स राजा रघूकडे गेला. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला राजा मातीच्या पात्रातून अर्घ्य देत होता, तरी त्याने याचकाला रिकाम्या हाताने परत जाऊ दिले नाही. शिष्याचे ऋण राजाने आपले मानले.

मध्ययुगीन युरोपातही ज्ञान ही ईश्वराची देणगी, म्हणून ती विकता येत नाही, असे मानत. 1179च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक कॅथेड्रलने शिक्षकाच्या निर्वाहाची सोय करावी आणि त्याने गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवावे, असे ठरवले. पुढे पंडितांनी वाट काढली: मोबदला ज्ञानाचा नव्हे, श्रमाचा. हा युक्तिवाद रास्त आहे, कारण शिक्षकालाही पोट असते. पण श्रमाचे मोल कोणी द्यायचे, हे त्यातून ठरत नाही.

अमेरिकेने पदव्युत्तर शिक्षणापुरते ते बव्हंशी विद्यार्थ्यावर टाकले. 2006पासून तिथे शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज मिळू लागले. 2025च्या कायद्याने 1 जुलै 2026पासून नव्या कर्जदारांसाठी ती योजना बंद केली. बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आता वर्षाला 20,500 आणि एकूण 1 लाख डॉलरची मर्यादा आहे. मर्यादेने कर्ज आटते, शुल्क आटेलच असे नाही. रघूच्या दारी कौत्स ज्या हक्काने उभा राहिला, तो हक्क या विद्यार्थ्याला नाही. त्याच्यासमोर सावकार आहे, आणि दक्षिणा व्याजासह, शिकण्याआधीच ठरलेली आहे.