बंद दिसणें आणि बंद असणें

मनुष्य डोळ्यांस दिसणाऱ्या नासाडीविषयीं सावध असतो, पण न दिसणाऱ्या नासाडीविषयीं बहुधा निश्चिंत असतो. माठ पाझरूं लागला तर घरधनीण तो तत्काळ हलविते; पोत्यास भोंक पडून दाणे सांडूं लागले तर शेतकरी रात्रीं उठून तें शिवतो. परंतु वीज सांडते तेव्हां भुई ओली होत नाहीं, आणि वेंचावयास दाणेही पडत नाहींत. म्हणून आज वाचकांपुढें एक प्रश्न ठेवावयाचा आहे, तो असा कीं, ज्या वस्तूचें मोल आपण चुकतें केलें, ती वायां घालविण्याचाही अधिकार आपणांस मिळतो काय?

प्रथम गोष्ट काय आहे ती समजून घेऊं. रिमोटनें टीव्ही बंद केला म्हणजे पडदा काळा होतो व आपणांस वाटतें कीं काम संपलें. तथापि रिमोटची पुढील आज्ञा ऐकण्यासाठीं त्या यंत्राचा कांहीं भाग जागाच राहतो, आणि जागें राहण्यास वीज लागते. ह्या अवस्थेस स्टँडबाय असें म्हणतात. टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सची रीत तर ह्याहून वाईट. अशा पुष्कळ पेट्या, बंद असल्याची खूण म्हणून तांबडा दिवा दाखवीत असतांही, चालू असतांना लागते जवळजवळ तितकीच वीज घेत राहतात. समजा, अशी एक पेटी १० वॅट घेते, आणि घरचीं माणसें दिवसास ४ तास कार्यक्रम पाहतात. उरलेल्या २० तासांत ती कोणाच्याही उपयोगावांचून २०० वॅट-तास खाते. वर्षाअखेर हे ७३ युनिट होतात. तितक्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ६ तास लावला तर तो साडेतीन वर्षांहून अधिक काळ उजेड देईल.

ह्या गोष्टीचा विचार जाणत्यांनीं केला नाहीं असें नव्हे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें १९९९ सालीं असा संकल्प मांडला कीं, २०१० पर्यंत नव्यानें विकल्या जाणाऱ्या यंत्रांनीं स्टँडबायमध्यें एका वॅटाहून अधिक वीज घेऊं नये. पुढें युरोपीय संघानें २००८ च्या नियमान्वयें २०१० पासून बहुतेक घरगुती यंत्रांस एका वॅटाची व २०१३ पासून अर्ध्या वॅटाची मर्यादा घातली. पडद्यावर घड्याळ वगैरे दाखविणाऱ्या यंत्रांस मात्र ह्याच्या दुप्पट मुभा ठेविली. कर्त्यांनीं आपला वांटा उचलावा हें योग्यच होय. परंतु घरोघरीं जुनीं यंत्रें आहेत, आणि सर्व यंत्रांस हे नियम लागू नाहींत. तेव्हां वापरणाऱ्याचा वांटा उरतोच.

येथें कोणी म्हणेल, "बिल मी भरतों, मग कोणाचें काय जातें?" हाच आपल्या प्रश्नाचा गाभा होय. भारतांत अजून बहुतांश वीज कोळशापासून होते, व एका युनिटामागें अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणजे वर सांगितलेल्या एका पेटीपायीं वर्षाला चाळीस-पन्नास किलो कोळसा जळून जातो. आतां चंद्रपुराकडे पाहा. तेथें कोळशाच्या खाणी आहेत व मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं त्या भागाची गणना देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. आपल्या बिलांत कोळशाची किंमत, रेल्वेचें भाडें व तारांचा खर्च हीं सर्व येतात. परंतु त्या गांवच्या लेंकरांच्या श्वासांत जी धूळ व जो धूर जातो, त्याची भरपाई त्यांत कोठें आहे? आपण पैसे दिले ते विकणाऱ्यास. ज्यानें सोसलें त्याच्या हातीं त्यांतील कांहीं पोहोंचलें नाहीं. उपयोगासाठीं वीज घेतली तर निदान असें म्हणतां येतें कीं, मुलांचा अभ्यास झाला, आजाऱ्यास वारा मिळाला. निरुपयोगी विजेविषयीं असें कांहींच म्हणतां येत नाहीं. म्हणून मोल दिल्यानें वस्तु आपली होते, परंतु तिच्यापायीं दुसऱ्यास झालेल्या त्रासाची जबाबदारी त्यानें फिटत नाहीं.

दुसरा म्हणेल, "एका गरिबाच्या घरीं असें किती वाचणार?" ज्याच्या घरीं एकच दिवा आहे त्याला हा उपदेश नव्हे, ज्याच्या घरीं यंत्रें अधिक त्याचें कर्तव्यही अधिक. तथापि खळ्यावरील राशींतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानें एकेक मूठ उचलली तर धन्यास रास उरत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां उपाय. केवळ रागें भरून घरच्या माणसांची संवय सुटत नाहीं. योग्य तें करणें सोपें होईल अशी मांडणी करावी लागते. अमेरिका व जर्मनी ह्या देशांत भिंतीवरील बहुतेक सॉकेटांस बटणच नसतें, म्हणून तेथील काटकसरी लोक यंत्राच्या वायरीस बटण जोडतात किंवा बटण असलेला बोर्ड घेतात. आपल्याकडे सॉकेटाशेजारीं बटण बसविण्याची चाल आहे. म्हणजे साधन आपल्या भिंतीवर आधींच आहे, परंतु तें कपाटामागें किंवा हात पोहोंचणार नाहीं अशा उंचीवर असतें. तेथें बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड लावून तें हाताशीं आणावें, आणि रात्रीं शेवटीं निजणाऱ्याकडे तें बंद करण्याचें काम सोंपवावें.

वायर कापून नवें बटण बसवावयाचें असेल तर तें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. बटण फेजच्या तारेवर असलें पाहिजे. तें चुकून न्यूट्रलवर बसलें तर यंत्र थांबतें खरें, परंतु त्याच्या आंत वीज जिवंत राहते, व उघडून हात लावणाऱ्याच्या प्राणावर बेततें. तसेंच फ्रीज अथवा आजाऱ्याचें उपकरण काटकसरीच्या नांवाखालीं कोणीं बंद करूं नये. तेथें वीज सांडत नसून आपलें काम करीत असते.

वाचकहो, बटण दाबण्यास क्षणही लागत नाहीं, आणि तें दाबलें म्हणून कोणी आपली स्तुति करणार नाहीं. परंतु ज्यांचें तोंड आपण कधीं पाहणार नाहीं अशा माणसांविषयींचें आपलें कर्तव्य बहुधा अशाच लहान कामांत असतें. आज रात्रीं निजण्यापूर्वीं घरांत एकदां फिरून पाहावें, आणि कोणतें यंत्र नुसतें बंद दिसतें व कोणतें खरोखर बंद आहे, ह्याची खात्री करून घ्यावी.