अद्भुताचा रंग

हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघाचे छायाचित्र आता पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत पोचले आहे. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेले वायूचे आणि धूळीचे ते तीन स्तंभ पाहून ज्याचे मन क्षणभर थबकत नाही असा प्रेक्षक विरळाच. परंतु त्यातले रंग त्या आकाशाचे नाहीत. हायड्रोजनला हिरवा, गंधकाला तांबडा आणि प्राणवायूला निळा असा संकेत ठरवून ते दिलेले आहेत. वस्तुतः तेथील हायड्रोजन आणि गंधक या दोहोंचा टिपलेला प्रकाश तांबडाच. डोळ्याला त्यांच्यातला भेद कळला नसता. तो कळावा म्हणूनच हा रंगपालट केला आहे. मग आपल्याला झालेला विस्मय कशाचा? विश्वाचा की रंगयोजनेचा? आणि संकेतावर उभा असलेला विस्मय प्रामाणिक म्हणावा काय?

भिलाईत राहणाऱ्याला हा प्रश्न निराळ्या बाजूने भिडतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाला तेजाची एक भाषा अवगत आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग येथे शोभेसाठी नसतो. तांबडा, नारिंगी, पिवळा आणि मग डोळे दिपवणारा पांढुरका अशा क्रमाने तो तापमान सांगतो. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातले हे लोह कोणे एके काळी ताऱ्यांतच घडलेले. येथे रंग हे पदार्थाचे स्वतःचे बोलणे आहे. तेजोमेघाच्या चित्रात ते भाषांतर आहे, असा भेद सहज सुचतो. पण तो फार ताणता येत नाही. भट्टीच्या पोटातले तेज पाहायचे तर निळी काच डोळ्यांपुढे धरावी लागते. तेथेही उघड्या डोळ्याला सत्य पेलत नाही.

भरतमुनींनी विस्मयाला अद्भुतरसाचा स्थायीभाव मानले, आणि आपल्या काव्यशास्त्राने लक्षणेला असत्य म्हटले नाही. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटल्यावर कोणी प्रवाहात घरे शोधत नाही. मात्र त्यासाठी ऐकणाऱ्याला संकेत ठाऊक असावा लागतो. माझ्या मते नैतिक प्रश्न नेमका येथे आहे. रंग देण्यात फसवणूक नाही. संकेत लपवून ते दाखवण्यात आहे. मूळ चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी खाच आहे. चार भाग जोडून ते तयार झाले. त्यांतला एक भाग अधिक मोठा करून टिपलेला होता, म्हणून जोडताना तो लहान करावा लागला आणि जागा रिकामी उरली. सुबक छपाईच्या हौसेपायी ती खाच अनेकदा कापली जाते. मला मात्र चित्राचा तोच भाग सर्वांत सच्चा वाटतो.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर १ ने सुमारे ६०० कोटी किलोमीटरांवरून पृथ्वी टिपली. एका चित्रबिंदूहूनही लहान असा तो ठिपका एका किरणपट्ट्यात तरंगताना दिसतो. हा पट्टा म्हणजे कॅमेऱ्यातच विखुरलेला सूर्यप्रकाश आहे, अवकाशात तो नाही. हे कळल्यावर पट्ट्याचे दिव्यत्व ओसरते. ठिपका तेवढा उरतो, आणि तो पाहणे पूर्वीपेक्षा अवघड होते.